कुकर नीट चालतो आहे, तरी परत का द्यायचा?

नाशिकच्या एका गृहिणीने विचारलेला प्रश्न असा आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी एका ऑनलाइन दुकानातून पाच लिटरचा प्रेशर कुकर घेतला. गेल्या आठवड्यात त्या दुकानाकडून ईमेल आला की या कुकरला आवश्यक ते प्रमाणपत्र नव्हते. तो वापरणे थांबवावे, परत करावा आणि पैसे घ्यावेत. कुकर रोज दोनदा लागतो, शिट्ट्या वेळेवर होतात, आणि घरात बसलेली वस्तू उगीच घालवू नये असे सासूबाईंचे म्हणणे आहे. खोका केव्हाच रद्दीत गेला, बिल सापडत नाही. त्यातच भावाने अमेरिकेहून आणून दिलेली पॉवर बँकही तिकडे ‘रिकॉल’ झाल्याचे त्यांना कळले. पण सूचनेत ‘कंपनीने स्वेच्छेने परत मागवले’ असे शब्द असल्यामुळे त्यात फारसे गंभीर काही नसावे, असे त्यांना वाटते. दोन्ही वस्तूंचे काय करावे?

आधी उत्तर देतो, कारणे नंतर. कुकर आजपासून गॅसवर ठेवू नका आणि पैसे मिळाल्याशिवाय टाकूनही देऊ नका. पॉवर बँक चार्जिंगला लावू नका, गादीवर किंवा कपाटात ठेवू नका, आणि भाऊ परत जाताना त्याच्या सामानात तर मुळीच घालू नका. या दोन वाक्यांपलीकडे जे आहे ते जरा सविस्तर सांगण्यासारखे आहे. घरगुती भांडी आणि विजेची उपकरणे बनवणाऱ्या कारखान्यांत गुणवत्ता तपासणीचे काम मी पंचवीसहून अधिक वर्षे केले आणि त्या काळात परत मागवलेल्या मालाच्या मागे स्वतः फिरलो आहे. मला जे सर्वांत अवघड गेले ते दोष शोधणे नव्हते. दोष सापडल्यावर ‘पण आमचा तर व्यवस्थित चालतो’ असे म्हणणाऱ्या माणसाला ती वस्तू हातावेगळी करायला लावणे, हे खरे अवघड काम होते. म्हणून तुमच्या सासूबाईंचा आक्षेप मी हलका समजत नाही. तो अतिशय स्वाभाविक आहे आणि त्याचे नीट उत्तर दिले गेले पाहिजे.

कुकर चालतो म्हणजे काय होते, ते पाहू. आतल्या पाण्याची वाफ कोंडून राहते, दाब वातावरणाच्या दाबापेक्षा दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलोने वाढतो आणि पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते. डाळ वीस मिनिटांत शिजते ती त्यामुळे. आता झाकणाचा व्यास २० सेंटीमीटर धरा. क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटीमीटर भरते. म्हणजे प्रत्येक शिट्टीच्या आधी त्या झाकणाला आतून ३०० किलोंपेक्षा जास्त जोराचा रेटा बसत असतो. पन्नास किलोची सहा पोती एका झाकणावर रचल्यासारखे हे आहे, आणि आपण दोन हातांच्या अंतरावर उभे राहून कोथिंबीर चिरत असतो. चांगल्या कुकरच्या बाबतीत यात भिण्यासारखे काहीही नाही, कारण पत्र्याची जाडी, कड्यांची घडण, दांड्यांची पकड हे सगळे या रेट्याच्या कितीतरी पट जास्त ताण धरूनच ठरवलेले असते.

हा दाब मर्यादेत ठेवण्याचे काम शिट्टी करते. पण शिट्टीची नळी कधीतरी चोंदते. तुरीच्या डाळीचा फेस, हरभऱ्याची साले, सांबारातली चिंच, एवढेही पुरते. तशी ती चोंदली तर दुसरा पहारेकरी म्हणून झाकणावर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. बऱ्याच कुकरांमध्ये त्याच्या मधोमध कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूची गोळी असते. तापमान नेहमीच्या १२० अंशांच्या बरेच वर गेले की ती पाघळते आणि वाफेला वाट मिळते. काही बनावटींमध्ये झाकणाच्या काठाला खाच ठेवलेली असते आणि जादा दाबाला रबराची रिंग तिथून बाहेर फुगून वाफ सोडते. हा दुसरा पहारेकरी वर्षानुवर्षे काहीच करत नाही. त्याची पाळी एखाद्याच दिवशी येते, आणि येईलच असेही नाही. त्यामुळे तो खोटा निघाला तरी रोजच्या वापरात ते कधीच कळत नाही. शिट्टी वाजते यावरून फक्त शिट्टी ठीक आहे एवढेच समजते. सासूबाईंना हे एवढेच सांगा: तीन वर्षे कुकर चालला म्हणजे तीन वर्षे पहिल्या पहारेकऱ्याने दगा दिला नाही, दुसऱ्याची परीक्षा झालेलीच नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या उमेदवारीच्या काळात आमच्या कारखान्यात बाहेरून घेतलेल्या व्हॉल्व्हच्या एका खेपेत मिश्रधातूचे प्रमाण चुकलेले निघाले. माल बाजारात गेल्यानंतर हे ध्यानात आले. वितरकांकडे फोन गेले, माणसे गेली. माझ्या वाट्याला कोल्हापूर आणि इचलकरंजीचा भाग आला. इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांसाठी खानावळ चालवणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांच्याकडे त्या खेपेतले दोन कुकर होते आणि सकाळच्या डब्यांच्या घाईत त्या कुकर द्यायला अजिबात तयार नव्हत्या. शेवटी त्यांच्याच गॅसवर एका कढईत तेल तापवले, थर्मामीटर सोडला, आणि तारेला बांधून दोन व्हॉल्व्ह शेजारी शेजारी बुडवले: एक चांगल्या खेपेतला, एक त्यांच्या झाकणावरून काढलेला. पारा चढत गेला. एका टप्प्यावर पहिल्या व्हॉल्व्हमधली गोळी मऊ झाली, तिचा करडा थेंब सुटला आणि कढईच्या तळाशी जाऊन बसला. दुसरा तसाच लखलखीत राहिला. तेलाला धूर येऊ लागला तरी त्याला काही झाले नाही. मावशींनी गॅस स्वतः बंद केला. मग आत जाऊन दुसराही कुकर आणून दिला, आणि त्या दिवशीचा भात पातेल्यात केला. तेलाच्या कढईचा हा प्रयोग घरी कोणी करू नये, तो आम्ही नेहमी करत असू म्हणून केला. पण तेव्हापासून ‘चालतो आहे’ हा शब्द ऐकला की मला तो कढईत न वितळलेला व्हॉल्व्ह दिसतो.

आता तुमच्या ईमेलकडे येऊ. परत मागवणे दोन प्रकारचे असते आणि त्यांतला फरक समजून घेतला पाहिजे. पहिल्या प्रकारात विशिष्ट खेपेत विशिष्ट दोष सापडलेला असतो, जसा वरच्या गोष्टीत सापडला. दुसऱ्या प्रकारात दोष सापडलेला असेलच असे नाही, पण ती वस्तू तपासणीतून गेलेलीच नसते, आणि कायद्याने ती विकायलाच परवानगी नव्हती. तुमचा कुकर दुसऱ्या प्रकारातला दिसतो. केंद्र सरकारच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती प्रेशर कुकर आयएस २३४७ या भारतीय मानकाप्रमाणे असणे आणि त्यावर आयएसआय चिन्ह असणे सक्तीचे झाले. असे असूनही बिनचिन्हाचे कुकर ऑनलाइन विकले जात राहिले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉनला असे २,२६५ आणि फ्लिपकार्टला ५९८ कुकर घेतलेल्या ग्राहकांना कळवून ते परत घेण्याचे, किंमत परत देण्याचे आणि प्रत्येकी एक लाख रुपये दंड भरण्याचे आदेश दिले. ‘आम्ही केवळ मंच पुरवतो, विकणारा वेगळा आहे’ हा युक्तिवाद प्राधिकरणाने मान्य केला नाही. अ‍ॅमेझॉनला त्या विक्रीतून ६ लाख १४ हजार ८२५ रुपये शुल्क मिळाले होते, आणि ज्या विक्रीतून कमाई होते तिची जबाबदारी झटकता येत नाही, असे त्या आदेशाचे सूत्र होते. दोन्ही कंपन्या नंतर दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. माझ्या मते न्यायालयीन बाजू काहीही असो, ग्राहकापर्यंत माहिती पोहोचवण्याचे बंधन हाच या आदेशांतला सर्वांत मोलाचा भाग आहे, कारण ऑनलाइन दुकानाकडे प्रत्येक खरेदीदाराचा पत्ता, फोन आणि तारीख असते, आणि गल्लीतल्या भांड्यांच्या दुकानाकडे यातले काहीही नसते.

प्रमाणपत्र नसलेला कुकर वाईटच असतो असे मी म्हणणार नाही. तो कदाचित उत्तमही असेल. पण त्याच्या पत्र्याची जाडी, दाब-चाचणी, व्हॉल्व्ह वितळण्याचे तापमान हे कोणी तिसऱ्या माणसाने पाहिलेले नाही, आणि घरच्या घरी ते पाहण्याचा कोणताही सुरक्षित मार्ग नाही. म्हणून तो परत द्यायचा.

तुमच्या कुकरवर काय आहे ते एकदा स्वतः वाचा. उजेडात धरून बुडाशी, दांडीजवळ आणि झाकणावर पाहा. खरे आयएसआय चिन्ह असेल तर चौकोनी चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक, म्हणजे आयएस २३४७, आणि खाली सीएम/एल या अक्षरांपुढे परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकला की परवाना कोणत्या कारखान्याचा, कोणत्या वस्तूसाठी आणि अजून चालू आहे का, हे समोर येते. मी अशी चिन्हे पाहिली आहेत जी दिसायला हुबेहूब होती, पण परवाना क्रमांक छापलेलाच नव्हता. आणि एकदा तर क्रमांक खरा होता, मात्र तो भलत्याच वस्तूच्या परवान्याचा होता. म्हणून चिन्ह पाहून थांबू नका, क्रमांक टाकून पाहा. हीच सवय हेल्मेट, इस्त्री, पाणी तापवायची कांडी आणि मुलांची खेळणी घेताना लावून घ्या. या सगळ्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे.

बिल नाही याची चिंता फार करू नका. परत मागवण्याच्या बाबतीत सर्वांत मोठा पुरावा ती वस्तूच असते, कारण तिच्यावर मॉडेल आणि खेपेचा क्रमांक असतो. ऑनलाइन खरेदीची नोंद तुमच्या खात्यात जुन्या ऑर्डरींमध्ये सापडेल. बिलाची प्रत तिथूनच उतरवून घेता येते. तेही न जमल्यास बँकेच्या किंवा यूपीआयच्या नोंदीतली तारीख आणि रक्कम पुरते. मात्र ईमेलमधल्या दुव्यावर बोट ठेवू नका. परत मागवल्याची बातमी पसरली की पाठोपाठ लबाडीचे फोन येतात. परताव्याच्या नावाखाली ओटीपी विचारतात, मोबाइलवर अ‍ॅप उतरवायला सांगतात. दुकानाचे अ‍ॅप स्वतः उघडा, ग्राहक सेवेत जा आणि ही सूचना तुमच्या ऑर्डरवर खरोखर आहे का ते विचारा. पैसे परत देण्यासाठी कोणालाही तुमचा ओटीपी लागत नाही.

आणखी एक गोष्ट मला तळमळीने सांगायची आहे. सूचना आल्यावर बहुतेक घरांत वस्तू नष्ट होत नाही, ती फक्त घर बदलते. ‘आपण नको वापरायला’ म्हणून कुकर घरकामाच्या बाईंना दिला जातो, गावाकडे पाठवला जातो, नवीन भांडे घेताना मोड म्हणून दुकानात घातला जातो, किंवा जुन्या कपड्यांबरोबर बोहारणीच्या टोपलीत जातो. ज्या धोक्यासाठी आपण तो स्वयंपाकघरातून काढला, तोच धोका आपण अशा घरात पाठवतो जिथे तो ईमेल कधीच पोहोचणार नाही. अमेरिकेत परत मागवलेली वस्तू विकणे २००८ पासून कायद्यानेच बेकायदा आहे आणि तो नियम जुन्या बाजारात वस्तू विकणाऱ्यालाही लागू होतो. आपल्याकडे तशी जाणीव अजून रुजलेली नाही. तुम्ही कुकर दुकानाकडे परत केलात तर प्रश्नच नाही. त्यांनी ‘परत पाठवू नका, टाकून द्या’ असे सांगून पैसे दिले, तर भंगारात देण्याआधी झाकणाची शिट्टीची नळी उपटून टाका, व्हॉल्व्ह काढून फेका आणि काठ हातोडीने चेपा. तो पुन्हा कुकर म्हणून उभा राहता कामा नये. आणि तोवर वरच्या फळीवर ठेवताना झाकणावर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी चिकटवा. घरात पाहुणे आले की मोठा कुकर लागतो, आणि तो काढणारी व्यक्ती तुम्हीच असाल असे नाही.

दुरुस्त करून वापरण्याचा मोहही टाळा. बाजारात वीस-तीस रुपयांना सेफ्टी व्हॉल्व्ह मिळतो, पण कंपनीचा नसलेला व्हॉल्व्ह किती अंशांना वितळेल हे त्याच्या विक्रेत्यालाही ठाऊक नसते. शिवाय वस्तूत फेरफार झाल्यावर अपघात घडला, तर विक्रेता कायद्यात दिलेल्या अपवादाचा आधार घेऊन नुकसानभरपाईच्या जबाबदारीतून सुटू शकतो.

पॉवर बँकेची गोष्ट निराळी आहे. परत मागवण्यात सगळे काही क्रमांकावर कसे ठरते, हे आपल्याकडच्या पुष्कळांनी ऑगस्ट २००७ मध्ये अनुभवले आहे. नोकियाने त्या वेळी बीएल-५सी या बॅटरीबद्दल सूचना काढली. मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या सुमारे ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्ज होताना जास्त तापण्याची शक्यता होती. अडचण अशी की त्याच नावाच्या सुमारे ३० कोटी बॅटऱ्या जगभर होत्या, वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेल्या, आणि बाहेरून सगळ्या सारख्या. भारतात घरोघरी नोकिया होता. लोक घाबरून सेवा केंद्रांवर धावले. मी पुण्यात एका केंद्राबाहेरच्या रांगेत पाहिले, माणसे फोनचे मागचे झाकण काढून, बॅटरी तळहातावर पालथी घालून, तिच्यावरचा २६ अक्षरांचा क्रमांक एकमेकांना वाचून दाखवत होती. चष्मा विसरलेल्या आजोबांना शेजारची कॉलेजची मुलगी अक्षरे सांगत होती. पुष्कळांची बॅटरी त्या खेपेतली नव्हतीच. नाव सारखे असले तरी धोका खेपेत असतो, हे त्या रांगेने जितके शिकवले तितके कोणत्याही जाहिरातीने शिकवले नसेल.

तुमच्या भावाने आणलेल्या पॉवर बँकेवर मॉडेल क्रमांक वाचा. जून २०२५ मध्ये अमेरिकेत अँकर कंपनीची पॉवरकोअर १०००० ही, ए१२६३ क्रमांकाची पॉवर बँक परत मागवली गेली. जून २०१६ ते डिसेंबर २०२२ या साडेसहा वर्षांत विकलेले सुमारे ११ लाख ५८ हजार नग त्यात येत होते. लिथियम-आयन बॅटरी जास्त तापून पेट घेण्याचा धोका हे कारण होते. तुमची तीच आहे की दुसरी, हे मॉडेल आणि अनुक्रमांक दोन्ही पाहूनच ठरेल. अमेरिकेतल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या संकेतस्थळावर वस्तूचे नाव टाकले की मूळ सूचना वाचता येते. वेगवेगळ्या देशांतल्या अशा सूचना एकत्र पाहायच्या असतील तर ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेचे जागतिक रिकॉल पोर्टल आहे. परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या वस्तूंच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण तिथली सूचना तिथल्या खरेदीदाराच्या ईमेलवर जाते आणि वस्तू मात्र नाशिकमध्ये उशाशी चार्ज होत असते. परतावाही बहुधा ज्या देशात विक्री झाली तिथल्या खरेदीदारालाच मिळतो, म्हणून अर्ज भावाने करावा आणि फोटो तुम्ही पाठवावेत. अशा अर्जांत अनेकदा मॉडेल, अनुक्रमांक आणि वस्तूवर न पुसणाऱ्या शाईने लिहिलेला ‘रिकॉल’ हा शब्द, असे सगळे एकाच फोटोत दिसावे अशी अट असते.

‘स्वेच्छेने’ या शब्दाविषयी तुमचा गैरसमज झाला आहे, आणि तो तुमचा दोष नाही. अमेरिकेत बहुतेक परत मागवण्या अशाच भाषेत जाहीर होतात. सुरक्षेला बाध आणणारा दोष कळला की कंपनीने तो आयोगाला २४ तासांत कळवायचा असतो. मग दोघांच्या संमतीने उपाय ठरतो, आणि सक्तीचा हुकूम काढावा लागला नाही म्हणून त्याला स्वेच्छा म्हणतात. तो शब्द कंपनी आणि सरकार यांच्यातल्या व्यवहाराचे वर्णन करतो, धोक्याचे नव्हे. हा घोळ लोकांच्या जिवावर बेततो हे ओळखून युरोपीय संघाने १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांत स्पष्टच लिहिले की परत मागवण्याच्या सूचनेत ‘स्वेच्छेने’, ‘खबरदारी म्हणून’, ‘क्वचित प्रसंगी’ असे धोका सौम्य भासवणारे शब्द असू नयेत, आणि अजून अपघात झालेला नाही अशी पुस्तीही जोडू नये. मी वाचलेल्या सुरक्षाविषयक नियमांमध्ये हा मला सर्वांत माणुसकीचा वाटतो. आपल्याकडेही तो यावा, आणि सूचना ग्राहकाच्या भाषेत यावी. नाशिकच्या स्वयंपाकघरात जाणारा निरोप इंग्रजीत सहा परिच्छेदांनंतर ‘वापर थांबवा’ म्हणत असेल, तर तो निरोप पोहोचला असे मी मानत नाही.

पॉवर बँक जवळ असेपर्यंत ती कशी ठेवायची, हे काळजीपूर्वक वाचा. ती आणखी चार्ज करू नका, मुद्दाम रिकामी करण्यासाठीही वापरू नका. फुगलेली असेल तर दाबून सपाट करू नका, टोचू नका. पत्र्याच्या डब्यात थोडी कोरडी वाळू घालून, ज्वलनशील काही जवळ नसेल अशा सावलीच्या जागी, शक्यतो बाल्कनीत किंवा फरशीवर ठेवा. घंटागाडीत टाकू नका. कचरा दाबताना ती चिरडली की गाडीत आग लागते आणि ती विझवायला सफाई कामगारच पुढे असतात. अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्या आणि देताना ‘ही परत मागवलेली लिथियम बॅटरी आहे’ असे तोंडी सांगा, कारण अशी बॅटरी ते इतरांपासून वेगळी ठेवतात. सदोष म्हणून परत मागवलेल्या लिथियम बॅटऱ्या विमानाने नेण्यास आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीच्या नियमांत मनाई आहे, मग त्या कुरिअरने जावोत की प्रवाशाच्या पिशवीतून. म्हणूनच भावाच्या सामानात ती घालू नका असे मी सुरुवातीलाच म्हटले.

बदलून मिळालेली वस्तू आली तरी तिचा क्रमांकही तपासा. २०१६ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ या फोनच्या बाबतीत पहिल्या पुरवठादाराच्या बॅटरीत कोपऱ्यातली पट्टी वाकल्याचा दोष होता. म्हणून दुसऱ्या पुरवठादाराची बॅटरी घालून फोन बदलून दिले, तर त्यांतल्या काहींमध्ये वेल्डिंगचे टोक आतल्या पडद्याला टोचत होते. बदललेले फोनही पेटले आणि ऑक्टोबरमध्ये कंपनीने उत्पादनच बंद केले. घाईने दिलेला उपाय नवीन दोष घेऊन येऊ शकतो, हे आमच्या व्यवसायाला त्या प्रकरणाने कायमचे शिकवले.

आता कुकरच्या पैशांविषयी. दुकानाने स्वतःहून ईमेल पाठवला आहे, तेव्हा बहुधा सरळ काम होईल. ते टाळाटाळ करू लागले तर तुमचा आधार ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. त्याच्या कलम २० नुसार धोकादायक वस्तू परत मागवण्याचा आणि किंमत परत करण्याचा आदेश केंद्रीय प्राधिकरण देऊ शकते. तो आदेश न पाळल्यास कलम ८८ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तक्रार थेट प्राधिकरणाकडे करता येते, तशीच जिल्हाधिकाऱ्यांकडेही करता येते, आणि ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. स्वतःच्या नुकसानीची भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही नाशिकमध्ये राहता म्हणून नाशिकमध्येच दावा लावता येईल, विक्रेता कुठला का असेना. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वाद उत्पन्न झाल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. दुकान ‘तीन वर्षे वापरलात, म्हणून निम्मेच देऊ’ असे म्हणाले तर ते निमूटपणे मान्य करू नका. वर सांगितलेल्या आदेशांत किंमत परत करण्याचे निर्देश होते, वापराची वजावट करण्याचे नव्हते.

आज संध्याकाळी एवढे करा. कुकर स्वच्छ पुसून त्याचे चार फोटो काढा: पूर्ण कुकर, बूड, झाकण वरून, आणि जिथे काही अक्षरे किंवा अंक कोरलेले आहेत ती जागा जवळून. ते आणि ऑर्डरची नोंद दुकानाच्या ग्राहक सेवेकडे पाठवून पुढील मजकूर लिहा: ‘आपल्या अमुक तारखेच्या सूचनेनुसार मी या कुकरचा वापर थांबवला आहे. तो आपल्या खर्चाने घेऊन जावा व भरलेली पूर्ण किंमत मूळ खात्यात जमा करावी. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदवीन.’ सोळाव्या दिवशीही काही हालचाल नसेल तर १९१५ या क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीत बोलता येते. तक्रार नोंदल्यावर मिळणारा क्रमांक त्याच फोटोंबरोबर जपून ठेवा, आणि तोपर्यंत डाळ पातेल्यात शिजवा. आधी दोन तास भिजत घातली तर ती तिथेही छान मऊ होते.